सोसायटीतले साधे सेन्सर वायरने जोडायचेत? खर्च कुठे वाचतो ते सविस्तर

आमची सोसायटी मुलुंडला, दोन विंग, तळमजला अधिक सात. मागच्या उन्हाळ्यात रात्री खालची टाकी रिकामी झाली आणि पंप कोरडाच फिरत राहिला, सकाळी वाइंडिंग जळाल्याचा वास सगळ्या जिन्यात. दोन दिवस वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं बादल्या घेऊन खाली. तेव्हा कमिटीत ठरलं की टाक्यांची पातळी, पंप चालू की बंद, कॉमन मीटरचं रीडिंग हे सगळं एका जागी दिसायला पाहिजे. एकूण ११ ठिकाणं निघाली : खालची टाकी, फायरची टाकी, पंपरूम, वरच्या २ टाक्या, मीटररूममधले ३ मीटर, गच्चीचे २ दरवाजे आणि लिफ्टची मशीनरूम.

मग कोटेशन मागवलं. आलेल्या कोटेशनमध्ये ११ पॉइंट म्हणजे ऑफिसपर्यंत ११ वेगळ्या केबल, १६ पोर्टचा पीओई स्विच (डेटाच्या केबलमधूनच पॉवर देणारा), एक रॅक, २२ टोकांना कनेक्टर आणि मजुरी. मी तो कागद घेऊन बसलो आणि ओळीओळीने बघितलं तर खुद्द सेन्सरचे पैसे सगळ्यात कमी होते, बाकी सगळं केबल ओढण्याचं. आणि ही केबल वाहून काय नेणार, तर टाकी किती भरली याचा एक आकडा.

या लेखात मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की साध्या उपकरणांचं वायर्ड नेटवर्क महाग होतं ते चिपमुळे नाही, प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र केबल, स्वतंत्र पोर्ट आणि स्वतंत्र अडॅप्टर दिल्यामुळे. ते तीन खर्च काढले की बिल खाली येतं. आम्ही कसं केलं ते क्रमाने लिहितो.

आधी कागदावर यादी करा

वायफायच का नाही, हे सगळे विचारतात. खालच्या टाकीवर आरसीसीचा स्लॅब, पंपरूमला लोखंडी दार, आणि २.४ गिगाहर्ट्झवर आजूबाजूच्या घरांचे वीस-पंचवीस राउटर. सिग्नल येतो पण भरवसा नाही, आणि पंप बंद करायचा निर्णय ज्या माहितीवर घ्यायचाय तिथे मला भरवसाच पाहिजे होता. शिवाय वायफाय केलं तरी करंट द्यायला वायर ओढावीच लागते, मग त्याच वायरमधून डेटा पण आणा.

यादीत प्रत्येक उपकरणापुढे चार गोष्टी लिहा : काय सांगणार, किती वेळाने सांगणार, उशीर झाला तर किती चालेल, आणि करंट किती खाणार. आमच्या ११ पैकी एकालाही १० सेकंदांपेक्षा लवकर बोलायची गरज नव्हती. टाकीची पातळी म्हणजे २ बाइट. दरवाजा म्हणजे एक बिट.

कॅमेरे मात्र या यादीत घालू नका. कॅमेऱ्याला इथरनेटची स्वतःची केबलच पाहिजे, तिथे काटकसर करायला गेलात तर चित्र अडकत राहील.

टाकीबद्दल आणखी एक. लोक लगेच अल्ट्रासोनिक सेन्सर शोधतात, पण बंद टाकीत त्याच्या तोंडावर वाफेचे थेंब जमतात आणि रीडिंग उड्या मारतं. आमच्या वरच्या टाक्यांना तीन-तीन फ्लोट स्विच लावले, तळ, अर्धी, भरली. पंपाला एवढंच कळायला हवं.

कुठली पद्धत घ्यायची

आपल्याला ओळखीचं इथरनेट हे ताऱ्यासारखं पसरतं, मधे स्विच आणि प्रत्येक यंत्राला तिथून वेगळी केबल, कमाल १०० मीटर. ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना ते बरोबर आहे. पण आमच्या बिल्डिंगमध्ये ११ केबल सरासरी ७० मीटर धरल्या तरी ७७० मीटर होतात, म्हणजे ३०५ मीटरचे तीन खोके.

त्याऐवजी आरएस-४८५, म्हणजे एका जोडीवर अनेक उपकरणं जोडायची पद्धत. १९८३ सालचं स्टँडर्ड आहे, पिळाची एकच जोडी सगळ्या उपकरणांमधून फिरते, एकापुढे एक, माळेसारखी. स्पीड कमी ठेवला तर १२०० मीटरपर्यंत जातं आणि साध्या चिप घेतल्या तरी ३२ उपकरणं एका वायरवर बसतात. त्यावर बोलायची भाषा मॉडबस आरटीयू, ती तर १९७९ ची. मास्टर, म्हणजे ऑफिसातला मुख्य कंट्रोलर, एकेकाला नाव घेऊन विचारतो, ज्याचं नाव घेतलं तोच उत्तर देतो, बाकीचे गप्प. एनर्जी मीटर घेताना ज्याच्यावर आरएस-४८५ चे टर्मिनल आहेत असा घेतला की तिथे वेगळं सर्किटच लागत नाही.

स्पीडची काळजी वाटत असेल तर हिशोब करून बघा. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बाइट जायला साधारण १ मिलिसेकंद. एक रजिस्टर, म्हणजे उपकरणातला एक आकडा, विचारायला ८ बाइट, उत्तर ७ बाइट, म्हणजे १५-१६ मिलिसेकंद, मधली शांतता आणि उपकरणाचा विचार करायचा वेळ धरून ५० म्हणू. ११ उपकरणांची फेरी अर्ध्या सेकंदाच्या आसपास. आपल्याला १० सेकंद चालणार होते.

एखाद्या ठिकाणी खरंच इथरनेट पाहिजे असेल तर डब्ल्यू५५०० या इथरनेट चिपचं मॉड्यूल घ्या. त्याच्याहून स्वस्त ईएनसी२८जे६० मिळतं पण ते फक्त १० एमबीपीएस, ऑटो-निगोशिएशन (समोरच्याशी आपोआप जुळवून घेणं) नाही, आणि टीसीपी-आयपीचं, म्हणजे नेटवर्कवर बोलायच्या नियमांचं, सगळं ओझं तुमच्या छोट्या कंट्रोलरवर पडतं, डब्ल्यू५५०० मध्ये ते चिपच्या आतच आहे. वाचलेले दोनशे रुपये दोन रविवार खातात. आणि दोन उपकरणं शेजारी असतील तर लक्षात ठेवा की १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या लागतात, म्हणजे एका केबलमधून दोन कनेक्शन निघतात, दोन्ही टोकांना जोड्या वेगळ्या करायच्या. फक्त मग रिकाम्या जोड्यांवरून पॉवर द्यायची सोय राहत नाही आणि गिगाबिट मिळत नाही.

सिंगल पेअर इथरनेटबद्दल पण विचारतील कोणी. २०१९ च्या ८०२.३सीजी स्टँडर्डमध्ये दोन प्रकार आले, टी१एस म्हणजे एका जोडीवर १० एमबीपीएस, निदान ८ उपकरणं बसतील एवढी सोय आणि २५ मीटर, आणि टी१एल म्हणजे १००० मीटर पण दोनच टोकं. कल्पना मला मनापासून आवडते. पण २५ मीटरमध्ये आमची एक विंगसुद्धा होत नाही आणि टी१एल मध्ये परत प्रत्येकाला वेगळी केबल आली. पॅनेलच्या आत किंवा मशीनमध्ये टी१एस चांगलं, बिल्डिंगसाठी आज आरएस-४८५ च.

केबल : इथे थांबून नीट बघा

सगळ्यात मोठी बचत आम्हाला नवीन केबलमध्ये नाही, जुन्या केबलमध्ये सापडली. डक्टमध्ये बंद पडलेल्या इंटरकॉमची केबल वर्षानुवर्षं लोंबत होती, मोबाइल आल्यापासून कोणी वापरलाच नाही तो. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या, पिळाच्या जोड्या. ९६०० बॉडला ती केबल उत्तम चालते. वायरमन काका म्हणाले, "अहो ही काढून टाकायची होती आपल्याला, भंगारात." म्हटलं काका, आधी मोजू तरी. एका टोकाला जोडीच्या दोन वायर एकत्र पिळल्या, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावला, दहापैकी सात जोड्या धडधाकट निघाल्या. बी विंगचं गच्चीपासून खालपर्यंतचं सगळं काम त्याच्यावर झालं, सिग्नल पण आणि पॉवर पण. तेव्हा आधी आपल्या बिल्डिंगचा डक्ट उघडा, मग बाजारात जा.

नवीन केबल घेताना फसायची जागा एकच, सीसीए. म्हणजे अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. खोक्यावर कॅट ६ लिहिलेलं असतं, किंमत बरीच कमी असते, आणि मी पहिल्यांदा तेच आणलं होतं, दुकानदाराने प्युअर कॉपर सांगून दिलं. घरी येऊन चाकूने तार खरवडली तर आतून पांढरी चकाकी. ही तार दोन-तीनदा वाकवली की तुटते, स्क्रूखाली सैल होत जाते, आपल्या खाऱ्या हवेत जोडाशी लवकर खराब होते, आणि रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त.

खरवडण्यापेक्षा पक्की परीक्षा मल्टिमीटरची. ५० मीटरचा तुकडा घ्या, एका टोकाला जोडी पिळा, दुसऱ्या टोकाला मोजा. २४ गेजचं (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा कमी तेवढी तार जाड) खरं तांबं असेल तर साडेआठ ओहमच्या आसपास येईल, सीसीए असेल तर १३ च्या पुढे. कॅट ६ बहुतेक २३ गेज असते, तिथे खरं तांबं पावणेसातच्या आसपास आणि सीसीए १०-११. मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून जो आकडा येतो तो वजा करा. वजनावरून पण कळतं, तांब्याचा खोका उचलताना खांद्याला जाणवतो.

खरेदी लॅमिंग्टन रोडला केली, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. मॉड्यूल, टर्मिनल, रेझिस्टर सगळं तिथे. पीव्हीसी पाइप, डबे, ग्लँड (डब्यात शिरताना केबल घट्ट धरणारे) लोहार चाळीतून, तिथे इलेक्ट्रिकलचा होलसेल भाव मिळतो. केबल आम्ही २४ गेजची कॅट ५ई घेतली, कॅट ६ चा इथे काडीचा फायदा नाही.

माळ कशी ओवायची

ऑफिसपासून निघा, मीटररूम, पंपरूम, खालच्या टाक्या, ए विंगच्या डक्टमधून वर, मशीनरूम, गच्चीवरची टाकी, गच्ची ओलांडून बी विंगची टाकी, आणि तिथून इंटरकॉमच्या केबलने खाली. नवी-जुनी मिळून सगळी माळ १४० मीटर झाली, ७७० च्या जागी.

फांद्या काढू नका. मुख्य लाइनपासून उपकरणापर्यंतचा तुकडा हातभर असू दे, दहा मीटरचा नको. एखादं उपकरण वाटेपासून आडबाजूला असेल तर एक युक्ती आहे जी मला फार उपयोगी पडली : केबलमध्ये चार जोड्या आहेत ना, मग सिग्नल नारिंगी जोडीने तिकडे न्या, उपकरणाला जोडा, आणि हिरव्या जोडीने त्याच केबलमधून परत आणा. दिसायला फांदी, वायरिंगने माळच.

बाकीच्या जोड्या पॉवरला. निळी आणि निळी-पांढरी एकत्र पिळून प्लस, तपकिरी आणि तपकिरी-पांढरी एकत्र मायनस. ए आणि बी टर्मिनलची नावं कंपन्या उलटसुलट छापतात, तेव्हा उपकरण उत्तर देत नसेल तर पहिली गोष्ट म्हणजे दोन वायर अदलाबदल करा, त्याने काही जळत नाही.

टर्मिनेशन, इथे सगळे अडकतात

टर्मिनेशन म्हणजे सिग्नल टोकावरून उलटा फिरू नये म्हणून लावलेला रेझिस्टर. लाइनच्या दोन टोकांना, फक्त दोन, १२० ओहमचा लागतो. आता कंट्रोलरला आरएस-४८५ च्या लाइनला जोडणारं, बाजारातलं मॅक्स४८५ चं छोटं मॉड्यूल घ्या, त्याच्यावर १२० चा रेझिस्टर बहुतेक वेळा आधीच बसवलेला असतो. असे आठ लावले की लाइनवर १५ ओहमचा भार होतो, टेबलावर दोन मॉड्यूल जोडून झकास चाललेलं काम बिल्डिंगमध्ये जाऊन मरतं आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. मधल्या सगळ्या मॉड्यूलवरचा तो रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने काढा.

तपासायला सोपं आहे, पॉवर बंद करून ए आणि बी मध्ये मोजा. एका टोकाला मोजलंत तर ६० पेक्षा थोडं जास्त दिसेल, कारण मधल्या वायरचा रेझिस्टन्स पण त्यात येतो. १२० च्या आसपास आलं तर दुसरं टोक तुटलंय किंवा तिकडचा रेझिस्टर लावायचा राहिलाय, ४० किंवा त्याखाली आलं तर मधे कुठेतरी जास्तीचा आहे.

लाइन शांत असताना ती मधल्यामध्ये तरंगू नये म्हणून एकाच ठिकाणी, मास्टरपाशी, बायस द्या, म्हणजे लाइनला थोडा ठरावीक व्होल्टेज. ५ व्होल्टवर ए ला वर आणि बी ला खाली ५६० ओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे शांत लाइनवर पाव व्होल्ट मिळतो, गरज ०.२ ची आहे. ३.३ व्होल्टवर तेच ५६० पुरत नाहीत, ३९० लावा.

आणि मॅक्स४८५ ही ५ व्होल्टची चिप आहे, तिचं आउटपुट सरळ ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) च्या पायाला देऊ नका, ते ३.३ चं आहे. तिथे मॅक्स३४८५ किंवा एसपी३४८५ घ्या, फरक थोड्या रुपयांचा. खरं तर टाकीपाशी ईएसपी३२ लागतच नाही, ५ व्होल्टचा आर्डुइनो प्रो मिनी कंट्रोलर आणि मॅक्स४८५ पुरतं, वायफायचे पैसे कशाला द्यायचे. कोड लिहिताना शेवटचा बाइट पूर्ण बाहेर पडल्यावरच ट्रान्समिटची पिन खाली करा, घाई केली तर उत्तराची शेपटी कापली जाते आणि सीआरसी, म्हणजे उत्तर बरोबर आलं का ते तपासायचा आकडा, चुकतो.

करंट

मीटर स्वतःच्या पॉवरवर चालतात, राहिली आठ उपकरणं. प्रत्येकी १२ व्होल्टला ५० मिलिअँपिअर, म्हणजे ४०० मिलिअँपिअर. सगळा लोड शेवटच्या टोकाला आहे असं वाईटात वाईट धरून चला. २४ गेजची एक तार मीटरला ०.०८४ ओहम, १४० मीटर जाऊन-येऊन साडेतेवीस ओहम, म्हणजे ९.४ व्होल्ट वाटेतच संपले. दोन-दोन तारा पिळल्या तरी ४.७ गेले.

म्हणून २४ व्होल्ट पाठवा आणि प्रत्येक डब्यात व्होल्टेज उतरवणारं एलएम२५९६ चं मॉड्यूल लावून ५ करा. तीच पॉवर २४ ला निम्म्या करंटमध्ये जाते, दोन-दोन तारांवर तूट अडीच व्होल्टच्या आसपास. एकच चांगला २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ऑफिसात, त्याच्यामागे यूपीएस, आठ अडॅप्टर वाचले आणि आठ प्लग पॉइंट पण. प्रत्येक डब्यात शिरताना छोटा फ्यूज टाका, नाहीतर एका डब्यात पाणी शिरलं की सगळी माळ बसते. २३० व्होल्टची वायर या पाइपमधून अजिबात नेऊ नका, आणि पंपाच्या स्टार्टरपाशीचं काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

पावसाळा

गच्चीवरचा डबा आयपी६५ (धूळ-पाणी न शिरणारा) घ्या, केबल खालच्या बाजूने आत घाला आणि शिरण्याआधी तिला एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळून जातं. जोड पिळून टेप गुंडाळू नका, चार महिन्यांच्या पावसात तांबं हिरवं होतं. जेल भरलेले कनेक्टर मिळतात, टेलिफोनवाले वापरायचे तेच, दोन-तीन रुपयांना एक.

विजेसाठी गच्चीच्या दोन्ही डब्यांत ए-बी वर एसएम७१२ लावा, हा सर्ज खाणारा डायोड आरएस-४८५ साठीच बनवलाय, उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट सोडून बाकी दाबतो. थेट वीज पडली तर तो वाचवणार नाही, पण जवळपास कडाडली की लाइनवर जो झटका येतो त्याला पुरतो. दोन विंगचं अर्थिंग वेगळं असेल तर जिथे लाइन विंग बदलते तिथे आयसोलेटेड रिपीटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल पुढे देणारा) बसवा आणि पुढच्या विंगला २४ व्होल्ट पण आयसोलेटेड कन्व्हर्टरमधून द्या, नाहीतर मायनसच्या तारेने दोन्ही अर्थिंग जोडलेलीच राहतात. हे पैसे वाचवू नका. बाकी सगळीकडे मी काटकसर सांगितली, इथे नाही.

मास्टर आणि चालू करणं

पूर्ण सिस्टिममध्ये इथरनेटचा पोर्ट एकच लागला. ऑफिसात ईएसपी३२ आणि एलएएन८७२० ही इथरनेट चिप असलेला तयार बोर्ड बसवला, तो सगळ्यांना विचारून आकडे एमक्यूटीटीने (छोटे निरोप पाठवायची नेटवर्कवरची पद्धत) पुढे पाठवतो. सोसायटीत जुना कॉम्प्युटर पडून असेल तर यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर लावून तोही चालतो.

विकतच्या उपकरणांचा मॉडबस पत्ता बहुतेक वेळा १ असतो, सगळ्यांचाच. म्हणून बसवण्याआधी टेबलावर एकेक जोडून पत्ते बदला आणि झाकणावर मार्करने लिहा. मग एकेक डबा पुढे जोडत चला, प्रत्येक जोडल्यावर शंभर वेळा विचारून किती उत्तरं आली ते मोजा, अकरा एकदम जोडून चालू करू नका. उत्तर २०० मिलिसेकंदांत आलं नाही तर परत विचारायचं, सलग तीनदा नाही आलं तर अलार्म, आणि खालच्या टाकीचं उत्तर येत नसेल तर पंप बंद. खालच्या टाकीचा तळाचा फ्लोट मात्र पंपाच्या स्टार्टरला सरळ वायरने पण जोडून घेतला, नेटवर्क असो की नसो, पाणी नाही तर पंप फिरणार नाही.

शेवटची टेस्ट पहाटे, पाणी यायच्या वेळेला, जेव्हा दोन्ही पंप आणि लिफ्ट एकदम चालतात. पंप सुरू होण्याच्या क्षणी चुकलेल्या उत्तरांचा आकडा वाढतो का बघा. आमच्याकडे वाढत होता, पंपरूममध्ये आपली केबल मोटारच्या केबलला खेटून दोन मीटर गेलेली, ती समोरच्या भिंतीवर घेतली आणि आकडा थांबला. मग माळेचा नकाशा, जोड्यांचे रंग, पत्ते आणि दोन्ही टोकांना मोजलेले ओहम एका कागदावर लिहून लॅमिनेट करून मीटररूमच्या दाराला आतून लावला, एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये.